जैतुनबी कुणाची

त्या साली दिवाळीच्या आधीच निपाणीत प्लेगचे उंदीर पडायला लागले आणि बघता बघता गाव रिकामं झालं. कवाडांना कड्या लागल्या, बैलगाड्या भरल्या, आणि जिथं जागा मिळाली तिथं लोकांनी माळावर कडब्याची नि चटयांची खोपटं उभी केली. माळावरसुद्धा जो तो आपापल्यात राहिला. व्यापारी जैन मंडळी अकोळच्या वाटेला, मुसलमान ओढ्यापलीकडं, आणि मिशनच्या मंडळीची पाच-सहा खोपटं विहिरीजवळच्या आंब्याभोवती.

त्यातलं कडेचं खोपट मष्णू मास्तरांचं. बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनच्या गोऱ्या साहेबांनी त्यांचं नाव मनश्शे ठेवलं होतं, पण ते नाव निपाणीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मिशनच्या शाळेत ते पोरांना शिकवत आणि बाजाराच्या दिवशी बोरगावपासून चिकोडीपर्यंत फिरून प्रभूची सुवार्ता सांगत. इतकी वर्षं सांगून त्यांचा घसा बसला होता, पण ऐकणारे बहुतेक करून भाजीची पिशवी सावरत पुढं जात. मुसलमान तर उभेसुद्धा राहत नसत. मास्तरांना त्याचं वाईट वाटे, आणि वाईट वाटतं म्हणून थोडी लाजही वाटे.

एका दुपारी मास्तर विहिरीवरनं घागर घेऊन आले तर आपल्याच खोपटाच्या सावलीत एक म्हातारी निजलेली, आणि बायको अंबुबाई तिच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या धरून बसलेली. शेजारी दस्तगीर पिंजारी उभा होता, खांद्याला कापूस पिंजायची कमान. त्याची बायको हुसेनबी पदर तोंडावर ओढून गाठोड्यावर बसली होती.

दस्तगीरला सगळं गाव ओळखत होतं. थंडीच्या तोंडावर तो गावोगाव गाद्या-वाकळांचा कापूस पिंजत फिरायचा. त्या साली तो आईला आणि बायकोला घेऊन खानापूरकडं गेला होता. परत आला तो गाव ओस पडलेलं. ओढ्यापलीकडं आपल्या लोकांत गेला, तर जमातीचे थोरले हजरतसाब अत्तार काठी टेकत पुढं आले आणि लांबूनच म्हणाले की म्हातारीच्या अंगात ताप आहे, ताप उतरेपर्यंत लांब राहा, इथं लेकरं आहेत. त्यांचंही खोटं नव्हतं. आठ दिवसांपूर्वीच त्यांच्या घरातनं दोन माणसं गेली होती. दस्तगीर माघारी फिरला, आणि फिरता फिरता म्हातारी या खोपटाच्या सावलीत बसली ती उठेना.

"गाठ न्हाय," अंबुबाई नवऱ्याला म्हणाली. "काखा-जांघा मी बघितल्यात. छातीचा ताप हाय. ऱ्हाऊ देत हितं."

तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मास्तरांनी मान हलवली. पण त्यांची नजर त्या तांब्यावर खिळली होती. त्यांचे आजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांच्या घरच्या तांब्यानं गावातला माणूस कधी पाणी प्यायला नव्हता. प्रभूत आल्यावरही फारसा फरक पडला नव्हता. आणि ही म्हातारी त्या तांब्याला तोंड लावून घटाघटा पीत होती. उपकार आपण तिच्यावर करतोय की ती आपल्यावर, हे मास्तरांना त्या क्षणापासूनच नीट कळेनासं झालं.

दस्तगीरनं खोपटाला लागून कडब्याचा आडोसा केला. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, आण्णाप्पा; ते येऊन बघून गेले आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले की प्रभूनं दार उघडलंय, आता गप्प बसू नका. मास्तर हो म्हणाले. त्यांनाही तसंच वाटत होतं. बाजारात जे उभे राहत नव्हते ते आज त्यांच्या दारात झोपले होते.

पण संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर मास्तरांचा आवाजच निघेना. रोज ते नव्या करारातला एक अध्याय वाचत, मग दोघं मिळून गात. त्या दिवशी त्यांना वाटलं, मोठ्यानं वाचावं तर घरात आलेल्या अडलेल्या माणसाच्या गळ्यात आपला धर्म बांधल्यासारखं होईल. हळू वाचावं तर प्रभूची लाज वाटल्यासारखं. ते पुटपुटल्यासारखं वाचत राहिले. तेवढ्यात आडोशापलीकडनं म्हातारीचा, जैतुनबीचा, घोगरा आवाज आला.

"मास्तर, जरा मोठ्यानं वाचा की. मला आधीच कमी ऐकू येतंय."

तेव्हापासून रोज मोठ्यानं वाचणं सुरू झालं. म्हातारी पडल्या पडल्या ऐके आणि मध्येच बोले. येशूच्या गव्हाणीतल्या जन्माची गोष्ट आली तेव्हा तिनं मास्तरांना थांबवलं. म्हणाली, गोठा न्हवं, खजुराचं झाड. मरियमला कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं खजुराचं खोड धरलं आणि वरनं पिकलेले खजूर पडले. मास्तरांनी पुस्तक पुन्हा बघितलं. तसं कुठंच नव्हतं. आमच्यात इसाच्या जन्माची गोष्ट अशीच हाय, म्हातारी म्हणाली. मास्तर गांगरले. चुकीचं आहे म्हणावं तर आजारी म्हातारी, बरोबर म्हणावं तर पुस्तक.

अंबुबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. कितीएक बायकांची बाळंतपणं तिनं केली होती. ती म्हणाली, "गोठा असू दे न्हाय तर रान असू दे, कळा आल्यावर बाईला धरायला कायतरी लागतंयच." म्हातारी हसली, हसता हसता खोकली, आणि तो विषय तिथंच राहिला. मास्तरांच्या डोक्यात मात्र तो पुढं कितीतरी दिवस घोळत होता.

म्हातारी पश्चिमेकडं तोंड करून, बसूनच नमाज पढायची. पहिल्याच दिवशी अंबुबाईनं आडोशाच्या पश्चिमेकडची सरपणाची मोळी उचलून दुसरीकडं टाकली आणि तिथं धुतलेलं पोतं अंथरून दिलं. मास्तरांना ते खटकलं. आपल्याच घरात आपण दुसऱ्या वाटेला जागा करून देतोय, असं त्यांनी बायकोला हळूच सुचवलं. म्हातारीला टेकायला जागा दिली, एवढंच ती म्हणाली, आणि पिठात पाणी घालायला लागली.

दस्तगीर मात्र सावध होता. तो वाचनाला कधी जवळ बसला नाही. अंबुबाईची भाकरी-आमटी खायचा, पण दर वेळी खाण्याआधी क्षणभर थांबायचा. एका सकाळी मास्तर लाकडं फोडत होते तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं सरळ विचारलं.

"मास्तर, तुमच्या मनात काय हाय ते एकदा सांगा. माझी माणसं म्हणत्यात, त्यांचं मीठ खाशील तर त्यांचा व्हशील."

मास्तरांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "तुम्ही प्रभूला ओळखावं असं मला वाटतंय. ते मी झाकून ठेवणार न्हाय. पण भाकरी त्यासाठी न्हाय."

"मग कशासाठी?"

मास्तर मनातल्या मनात उत्तर जुळवू लागले. प्रभूनं पाहुण्याला घरात घ्यायला सांगितलंय म्हणावं, तर भाकरी प्रभूसाठीच झाली. अंबुबाईनं तुम्हाला ठेवून घेतलं म्हणावं, तर त्यात आपलं काय? दस्तगीरनं त्यांच्याकडं थोडा वेळ बघितलं, मग कुऱ्हाड उचलली आणि राहिलेली लाकडं तोच फोडू लागला. त्या दिवशी भाकरीपुढं तो थांबला नाही. का थांबला नाही, तेही मास्तरांना कळलं नाही.

म्हातारीचा ताप कधी उतरे, कधी चढे. थंडी वाढली तसा तिचा दम वाढत गेला. एका दुपारी दस्तगीर सरकारी डॉक्टराच्या तंबूकडं औषधाला गेला होता, दोघी बायका विहिरीवर होत्या. म्हातारीनं हातानं खुणावून मास्तरांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, तुम्ही संध्याकाळी म्हणता तसलं कायतरी माझ्यासाठी म्हणा.

मास्तर गुडघ्यावर बसले. शेकडो वेळा त्यांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना केली होती, पण त्या दिवशी शब्द एकेक करून शोधावे लागले. शेवटी येशूच्या नावानं मागतो म्हणण्याची वेळ आली तेव्हा ते अडखळले, आणि मग म्हणाले. म्हातारी लगेच म्हणाली, "आमीन."

हीच वेळ, असं त्यांना वाटलं. ते वाकून म्हणाले, "आजी, प्रभूला आपलं म्हणता का?"

म्हातारीनं डोळे उघडले. "इसा आमचाच हाय की, मास्तर," ती म्हणाली. थोडा दम घेऊन पुढं म्हणाली, "त्याला म्हणावं, हात धर."

आणखी काही विचारावं तर तिला धाप लागली होती. हात धर म्हणजे काय? आपल्या जिवाचं तारण मागितलं तिनं, की अंधारात जाताना लेकरानं म्हणावं तसं म्हणाली? मास्तर तिचा हात आपल्या हातात घेऊन बसून राहिले. बायका पाणी घेऊन आल्या तेव्हाही ते तसेच होते.

दिवस मावळायच्या सुमाराला जैतुनबी गेली. दस्तगीर तिच्या कानाशी तोंड नेऊन कलमा म्हणत होता, हुसेनबी पाय धरून बसली होती, अंबुबाई ओठांवर पाण्याचे थेंब सोडत होती. म्हातारीचे ओठ हलले. मुलाबरोबर कलमा म्हणत होती, पाणी चाखत होती, की आणखी काही, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिली. दस्तगीरनं ओढ्यापलीकडं निरोप धाडला, पण माणसं येईनात. तिथं कुजबूज होती. म्हातारी इतके दिवस ख्रिस्ती माणसाच्या घरात होती, त्यांचं पुस्तक ऐकत होती, मास्तरानं तिच्यासाठी त्यांची प्रार्थना म्हटली आणि तिनं आमीन म्हटलं, हे विहिरीवरच्या बायकांच्या तोंडून तिकडं पोचलं होतं. अशी म्हातारी कबरस्तानात न्यायची की नाही, यावर बोलणं चाललं होतं.

इकडं आण्णाप्पा आनंदात होते. त्यांना मास्तरांनीच आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले की पिंजाऱ्याला त्याच्या लोकांनी जागा दिली नाही तर आपल्या मंडळीच्या जागेत म्हातारीला मानानं पुरू. ती प्रभूत गेली आहे, हे बोलायला मास्तरांनी कचरू नये. त्यांच्या मनात कपट नव्हतं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मास्तरांनाही क्षणभर तसंच वाटलं. मग आडोशापुढं उकिडवा बसलेला दस्तगीर दिसला आणि तसं वाटेनासं झालं.

हुसेनबीनं आणि अंबुबाईनं पाणी तापवलं. हुसेनबीनं सासूला न्हाऊ घातलं. अंबुबाई बाहेर पाठ करून चादर धरून उभी राहिली. उन्हं वर आल्यावर ओढ्याकडनं हजरतसाब येताना दिसले, मागं दोन माणसं. काठी टेकत ते आंब्यापर्यंत आले. त्यांनी दस्तगीरकडं बघितलं नाही, आडोशाकडं बघितलं नाही, मास्तरांसमोर उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही खोटं बोलणारं माणूस न्हवं. म्हणून तुम्हालाच इचारायला आलोय. म्हातारी तुमच्यात आली होती काय?"

दस्तगीर उठून उभा राहिला. आण्णाप्पा एक पाऊल पुढं आले. मास्तरांच्या लक्षात आलं की आपण हो म्हटलं तर ही बाई आपल्या नवऱ्याजवळ पुरली जाणार नाही, आणि नाही म्हटलं तर तिनं जे मागितलं ते आपणच तिच्या तोंडातनं काढून घेतल्यासारखं होईल. आयुष्यभर त्यांनी लोकांना हाच प्रश्न विचारला होता. आज तोच त्यांच्याकडं उलटून आला होता.

"मला ठाऊक न्हाय," ते म्हणाले.

आण्णाप्पांनी मोठा उसासा टाकला. हजरतसाब म्हणाले, "ठाऊक न्हाय म्हंजे?"

मग मास्तरांनी झालं ते सगळं सांगितलं. प्रार्थना तिनं मागितली ते, येशूचं नाव घेतलं ते, तिनं आमीन म्हटलं ते, इसा आमचाच म्हणाली ते, हात धर म्हणाली ते. मग मुलानं कलमा म्हटला आणि तिचे ओठ हलले तेही. "एवढं मी कानानं ऐकलंय नि डोळ्यानं बघितलंय," ते म्हणाले. "आत काय झालं ते मला दिसलं न्हाय."

हजरतसाबांनी काठीवर दोन्ही हात टेकले. त्यांच्या मागचा एकजण काही बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग पहिल्यांदाच ते दस्तगीरकडं वळले आणि तुझं काय म्हणणं, असं त्यांनी विचारलं.

"माझी आई हाय," दस्तगीर म्हणाला. "माझ्या बाच्या कबरीशेजारी जागा ठेवलीया तिची."

"मग माती देऊ या," हजरतसाब म्हणाले.

तेवढंच. आपण तिला ओढ्यावरनं परत लावलं, याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. पण आडोशापाशी गेल्यावर त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि आत न जाता तिथंच मातीत बसले, आणि जनाजा उचलेपर्यंत उठले नाहीत. त्यांचा पश्चात्ताप होता की वयाची दमणूक, ते मास्तरांनी आपल्या मनाला ठरवू दिलं नाही.

जनाजा उचलायला माणसं कमी पडली. तापाच्या भीतीनं ओढ्यापलीकडनं आणखी कुणी आलं नव्हतं. दस्तगीर पुढं, हजरतसाबांबरोबरची दोन माणसं मागं, आणि चौथा खांदा रिकामा. दस्तगीरनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर गेले. निम्म्या वाटेवर त्यांचा खांदा भरून आला तेव्हा मागनं कुणीतरी त्यांना बाजूला सारून दांडा आपल्या खांद्यावर घेतला. ते आण्णाप्पा होते. रागानं तोंड घट्ट मिटलेलं, पण कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत त्यांनी खांदा सोडला नाही. तिथं दोघं बाहेर थांबले. आत नमाज झाली, माती पडली.

पुढं व्हायचं ते झालं. मंडळीत काही जणांनी म्हटलं की पेत्र शिष्यानं प्रभूला ओळखत नाही म्हणून नाकारलं ते शेकोटीपाशी, आमच्या मास्तरानं नाकारलं ते गावापुढं. ओढ्यापलीकडं काही जण म्हणत राहिले की मास्तरानं म्हातारीवर कायतरी मंतरून टाकलं होतं. साहेब कोल्हापूरहून आले तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोरांच्या शाळेचं विचारलं. मास्तरांना वाटलं होतं, साहेब तरी सांगतील बरोबर काय ते. तेही त्यांना मिळालं नाही.

एकदा त्यांनी अंबुबाईला विचारलं की तुला काय वाटतं, म्हातारी कुणाची होती. ती सुपात धान्य पाखडत होती. म्हणाली, "तुम्ही दोन्हीकडची माणसं कुणाची, कुणाची करताय. मला ती भेटली तवा तहानलेली होती." त्यावर मास्तर चिडले. एवढं सोपं असतं तर मग पुस्तक कशाला, असं ते म्हणाले. अंबुबाई सूप खाली ठेवून म्हणाली की ते तुम्हीच शोधा, तुम्हाला वाचता येतंय. आणि मास्तरांना जाणवलं की तिचंही सगळं म्हणणं आपल्याला पटलेलं नाही, आणि खोडताही येत नाही.

बाजारात ते पूर्वीसारखेच जात राहिले. सुवार्ता सांगणं त्यांनी सोडलं नाही. उलट आताशा ते सांगताना लोक थोडे जास्त थांबत. पण शेवटी समोरच्याला, प्रभूला आपलं म्हणता का, असं विचारायची वेळ आली की ते घुटमळत. लोकांना वाटे, मास्तर म्हातारे झाले.

प्लेग हटला, गाव परत भरलं. दस्तगीर दर साली थंडीच्या आधी त्यांच्याकडं येऊ लागला. गादी पिंजायची असो वा नसो, येऊन जेवून जायचा, आणि हुसेनबीला सवड असेल तेव्हा तीही यायची. एका साली सोप्यात कापूस पिंजता पिंजता तो आणि मास्तर असेच बोलत बसले होते. दस्तगीर म्हणाला, आमच्यातले जाणते सांगतात की शेवटच्या दिवसात इसा परत येणार, दमिश्क शहरातल्या मिनाराजवळ उतरणार. मास्तर म्हणाले, येणार हे खरं, पण आमच्यात तो ढगातनं येणार. येणार हे दोघांच्यातही होतं, म्हणून थोडा वेळ दोघंही खुश झाले.

मग दस्तगीरनं कमानीवरचा हात थांबवला. "आणि आल्यावर तो आपल्या दोघांतल्या कुणाला चुकलास म्हणंल, मास्तर?"

बाहेरनं वाऱ्याची झुळूक आत आली आणि पिंजलेला कापूस सोप्याभर उडाला. दोघंही उठले, एकानं दार लोटलं, दुसरा कोपऱ्याकोपऱ्यातनं कापूस गोळा करू लागला. अंधार पडायच्या आत अजून अर्धी गादी पिंजायची राहिली होती.